मान कमवावा लागतो, मग बाकीच्यांचं काय?

सत्काराच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं : मान मागून मिळत नाही, तो कमवावा लागतो. टाळ्याही पडतात. वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि अर्धं वाक्य पूर्ण म्हणून वापरलं की घोळ होतो. शाळेत मुलांना हेच शिकवतात, ऑफिसात नव्याने लागलेल्या पोराला हेच ऐकवतात, घरात नव्या सुनेला न बोलता हेच कळवतात. पण ज्याने अजून काही कमावलेलं नाही, किंवा ज्याच्या कामाला कुणी कमाई समजतच नाही, त्याच्याशी कसं वागायचं याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

आपण आदर म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. १९७७ साली स्टीफन डार्वल या अमेरिकी तत्त्वज्ञाने एका निबंधात त्या सुट्या करून ठेवल्या. त्यातली पहिली म्हणजे गुणांचा मान. ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या स्टेजवर एखाद्या गायिकेला शाल-श्रीफळ दिलं जातं, तो हा. तो रियाजाचा, कर्तृत्वाचा, स्वभावाचा असतो आणि सगळ्यांना सारखा देता येत नाही. नाट्यगृहातल्या प्रत्येक प्रेक्षकाला शाल घातली तर शालवाल्याचा धंदा होईल, सत्कार कुणाचाच होणार नाही. हा मान वाढतो, घटतो, कधी जातोही. त्यात अन्याय काही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूसपणाचा आदर. त्याला पात्रता लागत नाही. आपण काय करायचं हे ठरवताना समोर एक माणूस आहे ही गोष्ट हिशेबात धरणं, एवढाच त्याचा अर्थ. त्यालाही वेळ आहे, त्याचंही शरीर थकतं, त्याच्याही मनात होकार-नकार आहे, त्यालाही समजतं. हे धरून चालायला त्याची ओळख, शिक्षण, पगार काही माहीत असावं लागत नाही. आवडायलाही लागत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी खूण आहे. काय केलं की हा आदर जाईल, असं विचारायचं. गायिका बेसूर गायला लागली की पहिला मान ओसरेल. दुसरा मात्र काहीही केलं तरी जात नाही, आणि हे बोलायला सोपं असलं तरी पचायला जड आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा यावरचा एक महत्त्वाचा निकाल १९८१ चा आहे. तस्करीच्या संशयावरून दिल्लीच्या तिहार तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका ब्रिटिश महिलेने वकिलाची आणि आपल्या लहान मुलीची भेट नीट मिळावी म्हणून दाद मागितली होती. न्यायालयाने म्हटलं की जगण्याचा हक्क म्हणजे निव्वळ जिवंत राहण्याचा हक्क नव्हे, त्यात माणसाच्या प्रतिष्ठेने जगणं येतं. घटनेच्या २१ व्या कलमात प्रतिष्ठा हा शब्द नाही. तो अर्थ त्यात भरला गेला तो अशा बाईच्या खटल्यात, जिचा सत्कार करायला कुणीही गेलं नसतं. ठाण्याच्या तुरुंगातल्या कैद्यालाही तोच निकाल लागू आहे आणि त्याच्या भिंतीबाहेरून रोज रिक्षाने जाणाऱ्या तुम्हा-आम्हालाही.

घटनेच्या उद्देशिकेत मात्र तो शब्द आहे. शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपण सगळ्यांनी तो वाचलाय : व्यक्तीची प्रतिष्ठा. तिथे तो बंधुतेच्या ओळीत ठेवलाय, हे मला फार मोलाचं वाटतं. न्याय, स्वातंत्र्य, समानता हे सरकारकडे मागता येतं. बंधुता शेजाऱ्याने द्यायची असते.

आता हे दोन आदर एकमेकांत मिसळले की काय होतं, ते ठाण्याच्या तीन हात नाक्याला संध्याकाळी उभं राहून पाहावं. स्कूटरचा आरसा गाडीला घासतो. दोघं उतरतात. तिसऱ्या वाक्याला एकजण म्हणतोच, "ओळखलं नाहीस मला? कोण आहे मी माहितेय का?" वास्तविक गाडीला ओरखडा उठलाय, त्याची भरपाई हवी, इतकंच भांडण. पण हा गृहस्थ भर रस्त्यात गुणांचा मान मागतोय. त्याला मनातून ठाऊक असतं की नुसता माणूस म्हणून उभं राहिलं तर आपल्याला कुणी विचारणार नाही. म्हणून नगरसेवकाची ओळख, गाडीची किंमत, भावकी, सगळं बाहेर काढायचं. माणूसपणाचा आदर जिथे स्वस्त, तिथे प्रत्येकाला काहीतरी मोठं असावंच लागतं.

बोलण्यातली रीत हाही त्यातलाच भाग, पण आपण समजतो तितका सरळ नाही. आईला आपण तू म्हणतो, विठोबालाही तूच म्हणतो, आणि "आपण जरा बाजूला होता का" असं म्हणून एखाद्याला रांगेतून हाकलताही येतं. तेव्हा तू की तुम्ही यावर सगळं ठरत नाही. समोरचा तेच आपल्याला उलट म्हणू शकतो का, हे पाहावं. पन्नाशीच्या वॉचमनला सोसायटीतली बारावीतली मुलं "ए, गेट उघड" म्हणतात. त्याने त्याच सुरात "ए, थांब" म्हटलं तर संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येते.

घरकामाला येणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो, तीही गंमतच आहे. नातं जोडलं म्हणून मन निर्धास्त होतं. पण सख्ख्या मावशीला वेगळा कप असतो का? ती चार दिवस आजारी पडली तर तिचे पैसे कापतात का? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, आणि त्यात नोंदणीची सोय आहे हे आपल्याच मावशींना सांगणारी घरं मी फारशी पाहिलेली नाहीत. नात्याने हाक मारावी, जरूर मारावी. फक्त त्या हाकेवर पगारी रजा भागत नाही.

गोड बोलून डावलणं

अपमान म्हणजे शिवी, असं धरून चाललं तर बराचसा अनादर नजरेतून सुटतो. कारण तो अतिशय सभ्य आवाजात होत असतो.

आमच्या ओळखीतल्या एक आजी गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेल्या होत्या. सोबत मुलगा. मी रांगेत पुढचीच, दार अर्धवट उघडं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर अगदी सज्जन. "या आजी, सावकाश, पायरी आहे," म्हणाले, स्वतः उठून खुर्ची सरकवली. मग मुलाकडे वळून विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"दोनेक महिने झाले असतील."

"चार," आजी म्हणाल्या.

"रात्री झोप लागते का यांना?"

"लागते ना. घोरते चांगली." दोघंही हसले. आजीही हसल्या, थोड्या उशिरा.

शेवटी ऑपरेशनचं ठरलं. तारीख मुलाच्या रजेप्रमाणे पडली. आजींना विचारलं गेलं ते एवढंच, "घाबरायचं नाही हं आजी." कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाईट वागलं नाही. मुलगा आईवर जीव टाकणारा. पण गुडघा आजींचा, दुखणं आजींचं, कापाकापी आजींच्या अंगावर, आणि त्या खोलीत त्यांनी सांगितलेला स्वतःच्या दुखण्याचा साधा कालावधीही कुणी धरला नाही. याला काळजी म्हणता येईल, प्रेम म्हणता येईल. आदर म्हणता येणार नाही. पायरी दाखवणं सोपं आहे. प्रश्न ज्याचा त्याला विचारून उत्तरासाठी थांबणं, ओपीडीच्या गर्दीत सुद्धा, हे अवघड.

या आजींपेक्षा ज्यांचं म्हणणं आणखी कमी धरलं जातं, त्यांच्यासाठी आपल्याकडे एक कायदा आहे. आदर म्हणजे नेमकं काय, हे इतक्या बारकाईने लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तो समजून घ्यायला ठाणेकरांइतकं कुणी जवळ नाही. कारण आपल्या शहराचं नावच महाराष्ट्रभर एका विनोदात अडकलंय. कुणी जरा विचित्र वागलं की "याला ठाण्याला पाठवा". पुण्याकडचे येरवडा म्हणतात, आपल्याकडे ठाणे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, म्हणजे विनोदालाही बराच काळ झाला. लहानपणी आम्हीही तो केलेला आहे, ठाण्यातच राहून.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या विसाव्या कलमात म्हटलंय की मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे. असं वाक्य कुठल्याही कायद्यात सापडेल. पण हे कलम तिथे थांबत नाही, पुढे यादी देतं. रुग्णाचे केस सक्तीने भादरता येणार नाहीत. त्याची इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालता येतील, गणवेशाची सक्ती नाही. अंग उघडं पडणार नाही असे कपडे मिळाले पाहिजेत. खासगीपणा मिळाला पाहिजे. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. रुग्णालयातली कामं सक्तीने करून घेता येणार नाहीत, आणि केली तर मोबदला द्यावा लागेल. आणखी एका कलमात साखळीने बांधून ठेवायला बंदी आहे.

केस, कपडे, आडोसा, मोबदला. ही यादी वाचताना अंगावर येतं ते असं की यातली प्रत्येक ओळ कधीतरी, कुठेतरी, कुणाचे तरी केस उतरवले गेले म्हणूनच लिहावी लागली असणार. आणि असं करणारे सगळे राक्षस नव्हते. केस भादरले की उवा होत नाहीत, गणवेश घातला की धुवायला सोपं, बांधून ठेवलं की पळून जात नाही. सगळ्याला कारण होतं. माणूसपणाचा आदर बहुतेक वेळा असाच जातो, सोयीच्या कारणाने. द्वेष लागतोच असं नाही.

याच कायद्यात चौथं कलम आहे. उपचारांची माहिती समजून घेता येत असेल, किंवा परिणाम कळत असतील, किंवा आपलं म्हणणं कसंही, बोलून, खुणेने, सांगता येत असेल, तर ती व्यक्ती निर्णय घ्यायला समर्थ धरायची. आणि पुढचा भाग तर कित्येक घरांत फ्रेम करून लावावा असा आहे : एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं म्हणता येणार नाही. मनोरुग्णालयातल्या माणसाला कायद्याने एवढी मुभा दिली. आपण गुडघे दुखणाऱ्या आजीला देत नाही, आणि इंजिनिअरिंग सोडून दुसरं काही करू म्हणणाऱ्या मुलीला तर नाहीच नाही.

गोणीचं वजन

खाडीपल्याड नवी मुंबईत, वाशीच्या घाऊक बाजारात, आदराचा हिशेब किलोत होतो. मुंबईतला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलला आणि त्यासोबत माथाडीही आले. माथ्यावर, पाठीवर ओझं वाहणारे कामगार. यातले पुष्कळजण साताऱ्याकडचे.

हमालाची जुनी अडचण कमी मजुरीची होतीच, पण तिच्या मुळाशी दुसरी होती. त्याला मालकच नसे. आज या गाळ्यावर, उद्या त्या. गोणीमागे पैसे टाकले की व्यापाऱ्याचा संबंध संपला. पाठ धरली, गोणी अंगावर पडली, म्हातारपण आलं, तर जबाबदार कोण? कुणीच नाही. त्याच्या कामाशिवाय बाजार एक दिवस चालत नसे, पण बाजाराच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नसे.

अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केलं, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. कामगारांची टोळी माथाडी मंडळात नोंदलेली असते आणि व्यापारीही. व्यापारी मजुरीची रक्कम मंडळाकडे भरतो आणि वर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. मंडळ कामगाराला पगार देतं, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार भागतात. कामगार दहा गाळ्यांवर राबला तरी त्याचा हिशेब एका ठिकाणी राहतो.

म्हणजे व्यापारी मनाने चांगला आहे की नाही, यावर हमालाचं काहीच अवलंबून राहिलं नाही. चांगला असेल तर दिवाळीला मिठाई देईल, ती वेगळी. आदर ही मनातली भावना आहे असं आपण मानतो आणि मग लोकांची मनं बदलायला निघतो, व्याख्यानं ठेवतो. मनं बदलली तर उत्तमच. पण मन बदलेपर्यंत पाठीचं काय, याला माथाडी कायद्याने उत्तर दिलं. त्यात आता अडचणी नाहीत असं नाही, माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारीही होतात. तरी मूळ कल्पनेची ताकद कमी होत नाही.

वजनाचा प्रश्न अजून पेटता आहे. गोणी पन्नास किलोंच्या वर नको, ही मागणी कांदा-बटाटा बाजारात वारंवार उठते आणि काम बंदही होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच एका प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली आहे. गोणी भरणारा शेतात किंवा गोदामात असतो. त्याला वाटतं, मोठी गोणी भरली की बारदान वाचतं. उचलणाऱ्याची पाठ त्याला दिसत नाही. मघाशी म्हटलं होतं, काय करायचं ते ठरवताना समोरचा माणूस हिशेबात धरणं. इथे तर तो समोर नसतानाही धरायचा आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली हा फरक फार नेमका मांडला. ज्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते. ज्याच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. गोणी उचलण्याच्या कामाची किंमत ठरवता येते, ठरवावीच. उचलणाऱ्याची ठरवता येत नाही.

स्वतःचा आदर

इथवर दुसऱ्यांचं झालं. स्वतःच्या बाबतीत हेच दोन प्रकार पुन्हा येतात आणि पुन्हा गल्लत होते.

"स्वतःवर प्रेम करा", "आरशात बघून म्हणा, मी ग्रेट आहे" असे मेसेज सकाळी सकाळी येतात, ते सगळे पहिल्या प्रकारचे. स्वतःच्या गुणांचा स्वतःच केलेला सत्कार. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली यासाठी चक्क सरकारी समिती नेमली होती. लोकांचं स्वतःबद्दलचं मत उंचावलं की गुन्हे, व्यसनं, शाळेतलं अपयश सगळं कमी होईल अशी आशा होती. पुढे २००३ साली रॉय बॉमाइस्टर आणि त्याच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवर झालेला अभ्यास एकत्र तपासला, तेव्हा ती आशा फारशी टिकली नाही. स्वतःबद्दल छान वाटणारी माणसं जास्त आनंदी असतात हे खरं, पण छान वाटल्याने मार्क वाढतात असं दिसलं नाही. उलट मार्क चांगले पडले की छान वाटतं. आपल्या आज्यांना हे विनाअभ्यास ठाऊक होतं, पण असो.

आत्मसन्मान याहून वेगळा. मी फार हुशार नाही, दिसायला बेताची, नोकरी साधी, हे सगळं मान्य असूनही "माझ्याशी असं वागायचं नाही" म्हणता येणं, हा आत्मसन्मान. त्याला स्वतःबद्दल उंच मत लागत नाही.

थॉमस हिल या तत्त्वज्ञाने १९७३ साली याच्या उलट्या टोकाचा, लाचारीचा अभ्यास केला. त्याच्या उदाहरणांत एक बायको आहे. नवरा म्हणेल ते कपडे, नवरा म्हणेल ते पाहुणे, नवरा म्हणेल तिथे राहणं, आणि ती त्यात सुखी आहे. मग बिघडलं कुठे? हिलचं उत्तर असं की दुसऱ्यासाठी करण्यात काहीच वाईट नाही. प्रश्न एवढाच, की आपल्यालाही सारखा हक्क आहे हे तिला ठाऊक आहे का, आणि ठाऊक असून ती ठरवून सोडते आहे का.

हे उदाहरण आपल्याला ओळखायला कॅलिफोर्नियाला जायला नको. ठाण्याहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात मटार सोलत जाणारी बाई घरी जाऊन सगळ्यांना गरम पोळ्या वाढते आणि शेवटी उरलेली, कडेने वाळलेली पोळी घेऊन बसते. "मला काय, काहीही चालतं." एखाद्या दिवशी ती म्हणून बघो, "आज मी आधी बसते, तुम्ही घ्या करून." हे म्हणताना तिला गुन्हा केल्यासारखं वाटत नसेल, तर बाकीच्या दिवशीची वाळकी पोळी तिच्या प्रेमाची आहे. वाटत असेल, तर ती प्रेमाची नाही. बाहेरून दोन्ही पोळ्या सारख्याच दिसतात, म्हणून घरातले लोक कधी विचारत नाहीत.

आत्मसन्मान असलेला माणूस ताठर असतो हा आणखी एक समज. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला आपण माणूस म्हणून पुरेसे आहोत याची खात्री असते तो पटकन म्हणतो, "हो, माझं चुकलं." कारण चूक कबूल केल्याने त्याचा गुणांचा मान थोडा घटतो, दुसरा जागच्या जागी राहतो. ज्याच्याकडे फक्त पहिलाच आहे, तो एका चुकीसाठी घर डोक्यावर घेतो आणि त्याला स्वाभिमान म्हणतो.

आता प्रश्न येतो की ही खात्री येते कुठून. काहींना घरातून मिळते. पण एकट्याने, नुसत्या निश्चयाने ती टिकवणं फार कठीण. जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ साली न्यायाचा विचार मांडताना म्हटलं की समाजाने वाटून द्यायच्या गोष्टींत पैसा आणि संधी आहेतच, पण आत्मसन्मानाचा सामाजिक आधार ही बहुधा त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रोज जग ज्याला तू कुणी नाहीस म्हणून सांगतं, त्याला आरशासमोर मंत्र म्हणायला लावून काय होणार?

पनवेलवरून गोवा महामार्गाने खाली गेलं की महाड लागतं. तिथलं चवदार तळं सार्वजनिक होतं. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते, महाडच्या नगरपालिकेनेही ते मान्य केलं होतं. कागदावर सगळं झालेलं, पाण्याजवळ मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ते पाणी प्यायल्याने कुणी अमर होणार नव्हतं, आणि तोवर त्या पाण्यावाचून कुणी मेलेलंही नव्हतं, असं बाबासाहेबांनीच पुढे सांगितलं. आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे ठसवायचं होतं. तळ्याचा न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. मला या घटनेत विशेष वाटतं ते हे, की ज्यांनी पाणी प्यायलं त्यांनी आधी आत्मसन्मान मिळवला आणि मग चालत गेले असं नाही. चालत जाण्यातच तो होता. दुसऱ्यांकडून हक्क मागणं आणि स्वतःचा आदर करणं या तिथे एकाच पावलात झालेल्या गोष्टी आहेत.

एक शंका नेहमी येते : सगळ्यांचा आदर करायचा म्हणजे सगळ्यांचं पटवून घ्यायचं का? अजिबात नाही. एखाद्याचं मत टाकाऊ वाटलं तर तसं तोंडावर सांगणं, कारणं देऊन सांगणं, हा आदरच आहे. याला कारणं समजतात, हे आपण धरून चाललो. "जाऊ दे, म्हाताऱ्याशी काय वाद घालायचा" म्हणून गप्प बसणं, यात मात्र आपण त्याला माणसांतून उठवलेलं असतं. मुलांचंही तसंच. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेत मारणं तर बंद केलंच, मानसिक छळालाही बंदी घातली. तरी वर्गात नावं ठेवून, मार्क वाचून दाखवून पाणउतारा करणं पुष्कळांना अजून शिस्त वाटतं. धाक असलेल्या घरात शांतता असते, ती आदराची आहे असं समजून बाप खूश असतो. मुलं मोठी होऊन वेगळी राहिली की फोन किती येतात त्यावर कळतं.

खुर्चीचा विषय

हे सगळं कुठून सुरू करायचं तर आपल्या गेटपासून. घोडबंदर रोडवर असो की खारघरला, टॉवर कितीही मजल्यांचा असला तरी खाली एक केबिन असते आणि तिच्यात बारा तासांची ड्युटी करणारा माणूस. केबिनमध्ये पंखा आहे का, पाय मोडलेली प्लॅस्टिकची खुर्ची बदलली का, त्याला टॉयलेटला जायचं तर कुठे जातो, त्या वेळी गेटवर कोण असतं, हे सोसायटीतल्या चार जणांना विचारून बघा. चौघांनाही ठाऊक नसतं. "खुर्ची दिली की झोपतात," हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. मॉलमधल्या दुकानांतही विक्रेत्या मुली दिवसभर उभ्या असतात, त्यामागेही हाच विचार. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांत काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय कायद्याने बंधनकारक केली. बसण्याचा हक्क कायद्यात लिहावा लागतो, यावर हसायचं की काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे, माथाडी कायद्याच्याच धर्तीचा, आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळही आहे. खासगी एजन्सीकडून माणसं घेतली असतील तर एजन्सीशी केलेल्या कराराची प्रत मॅनेजिंग कमिटीकडे मागता येते. आपण एजन्सीला महिना किती देतो आणि त्यातले रक्षकाच्या हातात किती पडतात, साप्ताहिक सुट्टी आहे का, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे प्रश्न त्यातूनच निघतात. उत्तरं मिळाली की मेंटेनन्स थोडा वाढेल. तिथेच खरी चर्चा होते आणि तिथेच आवाज चढतात.

हे मुद्दे वार्षिक सभेत आणायचे तर सचिवांना आधी लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी, म्हणजे ते विषयपत्रिकेत येतात. नाहीतर सगळं "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" या शेवटच्या ओळीत जातं. तोवर पार्किंगवर दीड तास गेलेला असतो आणि निम्मे सभासद बटाटेवडा घेऊन वर गेलेले असतात.